‘पक्ष एकसंध आहे’ असं आमदार म्हणतात तेव्हा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात राहतो. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे अशा दोन गटांत फुटली, तेव्हापासून जुने विद्यार्थी, सोसायटीतले शेजारी आणि शाखेवर बसणारे ओळखीचे कार्यकर्ते मला तेच ते प्रश्न पाठवत आहेत. आधी शिवसेनेबद्दल विचारायचे, वर्षभराने राष्ट्रवादी फुटल्यावर तिच्याबद्दलही विचारू लागले. मी कुठल्याही गटात नाही. माझे विद्यार्थी मात्र दोन्हीकडे आहेत. एका बाकावर बसलेली मुलं आज तलावपाळीवर समोरासमोर आली तरी मान वळवून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे पान लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठीच.

१. नेतृत्वावरून एवढं रामायण झाल्यावरही आमचे आमदार म्हणतात, ‘पक्ष एकसंध आहे, कुणीही नाराज नाही.’ यावर विश्वास ठेवायचा का?

आमदार खोटं बोलतायत असं धरून चालू नका. ते कोणत्या अर्थाने बोलतायत ते आधी बघा. आमदारासाठी ‘एकसंध’ म्हणजे बहुतेक वेळा ‘सभागृहात आमची मतं फुटणार नाहीत’. शाखाप्रमुख हाच शब्द वापरतो तेव्हा त्याच्या मनात वेगळं असतं: गणपतीत, दहीहंडीला, बूथवर सगळे एकत्र उभे राहतात की नाही. विधिमंडळात मतं जुळलेली असतात आणि त्याच वेळी वॉर्डात एका नाक्यावर दोन फलक लागलेले असतात, असं होऊ शकतं. म्हणून आमदारांना आधी विचारा, ‘साहेब, तुम्ही विधिमंडळ पक्षाबद्दल बोलताय की संघटनेबद्दल?’ हा फरक पुढच्याच उत्तरात आहे आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे.

२. राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष हे दोन वेगळे असतात का?

हो. राजकीय पक्ष म्हणजे सदस्य, पदाधिकारी, कार्यकारिणी आणि घटना मिळून झालेली संघटना. त्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदारांचा सभागृहातला समूह म्हणजे विधिमंडळ पक्ष. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, या दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत.

कुणी म्हणेल हा शब्दांचा कीस आहे. पण शिवसेनेचा सगळा वाद याच फटीत अडकला होता. ठाकरे गटाचं म्हणणं, पक्षप्रमुख आणि संघटना आमच्याकडे आहे, म्हणून पक्ष आमचा. शिंदे गट म्हणत होता, निवडून आलेले बहुसंख्य प्रतिनिधी आमच्याकडे आहेत, म्हणून पक्ष आमचा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही.

३. गटनेता आणि प्रतोद यांत फरक काय? व्हिप कोण काढतं?

गटनेता हा सभागृहात पक्षाचा प्रमुख. प्रतोद मतदानाच्या वेळी आमदारांना हजर ठेवतो आणि पक्षादेश, म्हणजे व्हिप, बजावतो. जून २०२२ मध्ये ठाकरे गटाने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरी यांना नेमलं, सुनील प्रभू हे त्यांचे प्रतोद. शिंदे गटाने शिंदे हेच गटनेते असल्याचं कळवलं आणि भरत गोगावले यांना प्रतोद केलं. एका पक्षाच्या नावाने दोन प्रतोद आणि दोन व्हिप, असं चित्र होतं. विधानसभा अध्यक्षांनी गोगावले यांना दिलेली मान्यता न्यायालयाने प्रश्न २ मधल्या निकालात बेकायदा ठरवली.

४. आमच्या घरात तारखांवरून भांडण होतं. नेमकं काय कधी झालं?

२० जून २०२२ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. तिथून गुवाहाटी. विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने उत्तराची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. २९ जूनला न्यायालयाने बहुमत चाचणी रोखायला नकार दिला आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री, देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. ४ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ मतं पडली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवून ठाकरे गटाला मशाल, शिंदे गटाला ढाल-तलवार दिली. १७ फेब्रुवारी २०२३ला पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला मिळालं. १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

५. ५५ पैकी ४० आमदार म्हणजे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त. मग अपात्रतेचा प्रश्न आलाच कसा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि शिकलेली माणसंही इथे चुकतात. ‘दोन तृतीयांश असले की सुटका’ हा नियम फुटीला लागू नाही, विलीनीकरणाला आहे. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होत असेल आणि विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य त्याला राजी असतील, तर संरक्षण मिळतं. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. ती पळवाट २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने बंद केली.

शिंदे गटाने तर ‘आम्ही विलीन झालो’ असं कधी म्हटलंच नाही. त्यांचा दावा होता, ‘आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत.’ त्यामुळे ४० हा आकडा दहाव्या परिशिष्टातलं कवच म्हणून कामाला आला नाही. तो कामाला आला आयोगासमोर, पक्ष कुणाचा हे ठरताना. एकच आकडा दोन दालनांत दोन वेगळ्या कामांसाठी वापरला गेला, आणि टीव्हीवर दोन्हींची सरमिसळ झाली.

६. ‘खरी शिवसेना कोणती’ हे शेवटी ठरवलं कुणी?

दोघांनी, दोन वेगळ्या कारणांसाठी. चिन्हाचा वाद निवडणूक आयोग १९६८च्या चिन्ह आदेशाखाली ठरवतो. त्यासाठी सादिक अली खटल्यापासून तीन कसोट्या वापरात आहेत: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत. अपात्रता मात्र विधानसभा अध्यक्ष ठरवतात, आणि ते ठरवताना मूळ पक्ष कोणता हेही त्यांना बघावं लागतं.

आता जे सांगतो ते दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी शांतपणे वाचावं. आयोगाने नोंदवलं की पक्षाच्या घटनेत २०१८ मध्ये केलेले बदल आयोगाच्या दप्तरी नव्हते, आणि त्या बदलांनी संघटनेतली लोकशाही मोडीत काढली होती. म्हणून घटनेची कसोटी बाजूला पडली आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींचं बहुमत निर्णायक ठरलं. पुढे अध्यक्षांनीही १९९९ची घटनाच ग्राह्य धरली. मला यातून जे दिसतं ते असं: संघटनेच्या निवडणुका नीट झाल्या असत्या, कार्यकारिणी खरोखर निवडली गेली असती आणि कागद वेळच्या वेळी जमा झाले असते, तर पक्ष कुणाचा हे मोजायला आमदारांच्या डोक्यांशिवाय दुसरं काहीतरी हाताशी असतं. लाखो शिवसैनिकांच्या मताला तोलण्यासारखी यंत्रणाच नव्हती. दोन्ही गटांनी कार्यकर्त्यांकडून प्रतिज्ञापत्रं भरून घेतली, लोक मुद्रांकाच्या कागदासाठी रांगेत उभे राहिले, आणि निकाल लागला तो आमदार-खासदारांच्या संख्येवर. त्या रांगेत माझी एक विद्यार्थिनीही होती. तिला याचं वाईट वाटलं, आणि ते रास्त आहे.

आयोगाच्या आणि अध्यक्षांच्या निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. राष्ट्रवादीतही फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच क्रम घडला: आधी आयोगाने घड्याळ अजित पवार गटाला दिलं, मग अध्यक्षांचा निकाल आला.

७. राज्यपालांचं चुकलं असं न्यायालयच म्हणालं, मग जुनं सरकार परत का आलं नाही?

उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता असं घटनापीठाने म्हटलं. पण स्वतःहून दिलेला राजीनामा न्यायालय पुसू शकत नाही, आणि त्यानंतर सर्वांत मोठ्या पक्षाच्या पाठिंब्यावर शिंदे यांना शपथ देणं योग्य ठरलं.

८. एवढी नाराजी होती तर आमदार आधी पक्षात का बोलले नाहीत?

माझ्या लेखी या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

बाहेर पडलेल्या आमदारांनी नंतर जाहीरपणे जी कारणं दिली ती आठवा. काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबरची आघाडी त्यांना मान्य नव्हती. निधी मित्रपक्षाच्या मतदारसंघांत जातो आणि आपले हात रिकामे राहतात, अशी तक्रार होती. आपल्याच मुख्यमंत्र्यांची भेट मिळत नाही, हीसुद्धा. थांबलेले आमदार म्हणत होते: पक्षाने रस्त्यावरून उचलून तिकीट दिलं, आमदार केलं, मंत्री केलं, तेव्हा या तक्रारी कुठे होत्या? दोघांचंही ऐकताना माझ्या डोक्यात एकच विचार येतो. या तक्रारी मांडायला जागा कुठली होती? आमदारांची नियमित बैठक, जिथे इतिवृत्त लिहिलं जातं? निवडून आलेली कार्यकारिणी, जिथे पक्षप्रमुखाच्या निर्णयावर मतदान होऊ शकतं? आघाडी करण्याआधी संघटनेचा कौल?

आपल्याकडच्या बहुतेक पक्षांत ही जागा नसते. मी एकाच पक्षाबद्दल बोलत नाही. आमदाराला नाराजी दाखवायचे दोन मार्ग उरतात: गप्प बसणं किंवा हॉटेल गाठणं. मधला रस्ताच नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षं ‘सगळं आलबेल आहे’ असं सांगितलं जातं आणि मग एका रात्रीत गाड्या निघतात. २० जूनच्या आधी दहाच दिवस, १० जूनला, राज्यसभेच्या निवडणुकीत शिवसेनेचे दुसरे उमेदवार संजय पवार पडले होते. आघाडीतली मतं हलली होती हे तेव्हाच दिसलं. त्यानंतर किमान एक मोकळी बैठक व्हायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

ठाण्यात हे जास्त दुखतं, कारण इथे संघटना घरासारखी होती. १९६७ मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत. २६ ऑगस्ट २००१ला शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे गेले तेव्हाचं ठाणे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात माणसं संध्याकाळी गाऱ्हाणं घेऊन जायची आणि तिथल्या तिथे निकाल लागायचा. पण ती सोय एका माणसाच्या भोवती होती. कार्यकर्त्यांची गाऱ्हाणी ऐकणारा नेता असणं वेगळं आणि गाऱ्हाणं ऐकलंच पाहिजे असा नियम पक्षाच्या घटनेत असणं वेगळं. आज दोन्ही गट दिघेसाहेबांचं नाव घेतात. २०२४च्या विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत शिंदे यांच्यासमोर दिघे यांचे पुतणे केदार दिघे मशालीवर उभे होते, शिंदे जिंकले. त्याच वर्षी ठाणे लोकसभेत धनुष्यबाणाचे नरेश म्हस्के यांनी मशालीच्या राजन विचारे यांना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं. हे सगळे एकाच मुशीतले कार्यकर्ते. त्यामुळे ‘गद्दार’ आणि ‘निष्ठावंत’ हे शब्द मी वर्गात वापरत नाही. त्यांनी वरचा एकही प्रश्न सुटत नाही.

९. आमदाराने पक्षप्रमुखाच्या निर्णयावर उघड टीका केली तर आमदारकी जाते का?

नुसत्या टीकेने जात नाही. दहाव्या परिशिष्टात पक्षाच्या आमदाराची आमदारकी जाण्याची कारणं दोन: पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडणं, किंवा पूर्वपरवानगीशिवाय व्हिपविरुद्ध मत देणं अथवा गैरहजर राहणं. दुसऱ्या बाबतीत पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर प्रश्न मिटतो.

अवघड भाग आहे ‘स्वेच्छेने सोडणं’. त्यासाठी राजीनामा द्यावाच लागतो असं नाही. वागणुकीवरूनही तो अर्थ काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या रवी नाईक खटल्यात म्हटलं आहे. २०१७ मध्ये शरद यादव यांची राज्यसभेची खासदारकी गेली ती विरोधकांच्या सभेला गेल्यामुळे. म्हणून आमदार घाबरून असतात. पण पक्षात राहून, पक्षाच्या बैठकीत, पक्षाच्या भल्यासाठी विरोधी बोलणं हा पक्षत्याग नाही. हे वाक्य तुमच्या आमदारांना जरूर वाचून दाखवा.

१०. व्हिप कुठे चालत नाही?

राज्यसभेच्या मतदानात आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण वेगळं मत दिलं म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी जात नाही. पक्ष हकालपट्टी करू शकतो, एवढंच. आमदारांमधून होणाऱ्या विधान परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्त असतं. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही व्हिप काढता येत नाही. पक्षातली खदखद आधी याच मतपेट्यांत दिसते, हे प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

११. ठाण्यातले जवळजवळ सगळे माजी नगरसेवक एका दिवसात शिंदे गटात गेले. त्यांच्यावर कारवाई का झाली नाही?

प्रश्नातच उत्तर आहे: ‘माजी’. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. जुलैमध्ये ६७ पैकी ६६ माजी नगरसेवकांनी शिंदे यांना पाठिंबा दिला तेव्हा त्यांच्याकडे गमवायला पदच नव्हतं. पक्षांतरबंदी पदावरच्या माणसाला लागते.

१२. आणि नगरसेवक पदावर असले तर? त्यांचा ‘गट’ कोण मान्य करतं?

नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागू नाही. त्यांच्यासाठी राज्याचा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे, १९८६चा. निकालानंतर प्रत्येक पक्षाचे नगरसेवक बेलापूरच्या कोकण भवनात जाऊन विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंदणी करतात, ठाण्याचेही आणि नवी मुंबईचेही. त्या दिवशी कोकण भवनाच्या आवारात बसगाड्या दिसतात त्या याचसाठी. अपक्ष नगरसेवकाने सही करण्याआधी नीट विचार करावा, कारण गटात नाव गेलं की त्या गटाची शिस्त लागू होते.

१३. आयोगाने नाव-चिन्ह दिलं म्हणजे आमच्या गल्लीतली शाखाही त्यांची झाली का?

नाही. आयोगाचा आदेश नाव आणि चिन्हापुरता असतो. शाखेची जागा कुणाच्या नावावर आहे, ट्रस्टच्या की एखाद्या व्यक्तीच्या की पालिकेच्या, हे मालमत्तेचे कागद ठरवतात आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंब्र्यातली शाखा पाडल्यावरून काय ताण झाला ते आपण पाहिलं. कुलूप तोडायला जाऊ नका. बऱ्याच शाखांमध्ये वाचनालय, रुग्णवाहिकेचा फोन, दाखल्यांचे अर्ज असं काम चालायचं, आणि शाखा बंद पडली की त्याची झळ मत न देणाऱ्यांनाही लागते.

१४. अपक्ष आमदार कुठेही जाऊ शकतो ना?

सरकारला पाठिंबा देऊ शकतो, मंत्रीही होऊ शकतो. पण निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर अपात्र ठरतो.

१५. नवी मुंबईत बाप एका पक्षात, मुलगा दुसऱ्या पक्षात. याला पक्षाची एकजूट म्हणायचं का?

गणेश नाईक २०१९ मध्ये राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले. २०२४ला ते ऐरोलीतून भाजपचे उमेदवार होते, आणि त्यांचे चिरंजीव संदीप नाईक बेलापुरात शरद पवारांच्या पक्षाकडून मंदा म्हात्रे यांच्याविरुद्ध लढले. म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. कायद्याने यात काही वावगं नाही, तिकीट ही व्यक्तीची बाब आहे. मात्र ३७७ मतं म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीची मतं. तिकीटवाटपात संघटनेला विचारलं गेलं का, हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते या आकड्यावरून कळतं.

१६. मी धनुष्यबाणाला मत दिलं होतं. आमदाराला परत बोलावता येतं का?

आमदाराला परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडे नाही. अपात्र ठरलेला आमदारसुद्धा पोटनिवडणूक लढवू शकतो. कर्नाटकातल्या १७ आमदारांबाबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा दिली होती. फक्त पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मूळ मुदत संपेपर्यंत त्याला मंत्री होता येत नाही.

१७. मग आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेल्यावर आम्ही नेमकं काय विचारायचं?

‘तुम्ही का गेलात’ किंवा ‘का थांबलात’ हे विचारू नका, त्याचं पाठ केलेलं उत्तर तयार असतं. पक्षाच्या संघटनात्मक निवडणुका शेवटच्या कधी झाल्या आणि आपल्या वॉर्डाच्या शाखाप्रमुखाला कुणी निवडलं, हे विचारा. गेल्या वर्षभरात तुम्ही पक्षाच्या कोणत्या निर्णयाला बैठकीत विरोध केला आणि त्याची नोंद झाली का, हे विचारा. पक्षाची सध्याची घटना आयोगाकडे जमा आहे का आणि तिची मराठी प्रत कुठे मिळेल, हेही. लेखी विचारा, पोच घ्या. दोघं-चौघं मिळून जा, आणि जमलं तर त्यात दोन्ही गटांची माणसं असू देत.

आमदारांचं उत्तर आलं तर मला पाठवा. ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांचं उत्तर जसंच्या तसं प्रश्न ८ च्या खाली जोडेन.